वरचं क्वामेचं, खालचं आल्विनाचं

आल्विना रोस्टाडबद्दल चांगलं बोलणारं माणूस आमच्या नॉर्डाल गावात दिवा घेऊन शोधलं असतं तरी सापडलं नसतं. एकतीस वर्षं ती धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर बसली. शेतकऱ्याचा ट्रक काट्यावर चढला की ती खिडकीतूनच आकडा सांगायची, वजन इतकं, ओल इतकी, कचरा इतका. कुणी कुरकुरला की ती पुन्हा मोजायची आणि पुन्हा तोच आकडा सांगायची. कोठाराच्या मालकाने एकदा चिठ्ठी पाठवली, यंदा कचरा अर्धा टक्का जास्त धरावा. आल्विनाने ती चिठ्ठी खिडकीच्या काचेला बाहेरून चिकटवली, सगळ्यांनी वाचावी म्हणून. मालकाला तिला काढता येईना आणि शेतकऱ्यांना तिचे आभार मानता येईनात, कारण आभार मानायला गेलेल्याला ती म्हणायची, "तुझ्यासाठी नाही केलं. आकडा खोटा होता."

असं माणूस कुणाला आवडतं? मलाही आवडत नसे.

मी लव्हॉन ऑपडाल. काउंटीच्या नोंदणी कचेरीत सव्वीस वर्षं काढली. नॉर्थ डकोटाच्या या कोपऱ्यात कुठल्या जमिनीचं वरचं कुणाचं आणि खालचं कुणाचं, हे माझ्या पाठीमागच्या कपाटांत लिहिलेलं आहे. आमच्याकडे जमिनीचे दोन मालक असू शकतात. एक वरचा, जो गहू पेरतो. एक खालचा, ज्याच्या मालकीचं जमिनीखालचं तेल, वायू, जे असेल ते. खालच्याला खणायचं झालं तर वरच्याला नाही म्हणता येत नाही. नुकसानीचे पैसे घ्यायचे आणि गप्प बसायचं.

पुढचं मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. पण तुम्हाला आधीच सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्या गावासारखे तिला नावं ठेवून मोकळे व्हाल.

एकोणीसशे पन्नासच्या जानेवारीत आल्विनाचा चार महिन्यांचा भाऊ आयनार फुप्फुसांच्या तापाने गेला. ती तेव्हा बारा वर्षांची. रस्ते तीन आठवडे बर्फाखाली होते. चर्चच्या दफनभूमीपर्यंत घोडाही पोचला नसता. तिच्या बापाने, नेल्स हौगलँडने, शेताच्या ईशान्य कोपऱ्यातलं टेकाड निवडलं, कारण वाऱ्याने तिथे बर्फ टिकत नाही. जमीन लोखंडासारखी गोठलेली. तिच्यावर त्याने दोन दिवस कोळसा जाळला, माती सैल झाल्यावर खड्डा खणला, कोठीच्या फळ्यांची पेटी केली. आल्विनाला आणि तिच्या आईला त्याने घराबाहेर येऊ दिलं नाही. वसंतात पाद्री म्हणाले, आता मुलाला चर्चमध्ये आणू. तिची आई इंगा म्हणाली, एकदा निजवलेलं मूल मी उठवणार नाही. नेल्सने शेतातले दगड आणून वर रास केली. आमच्याकडे प्रत्येक शेतात अशा राशी असतात, कुणी वळूनही बघत नाही.

आठ वर्षांनी ट्रॅक्टर उलटून नेल्सचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्याने ती एकशे साठ एकर शेजारच्या गुनार क्वामेला विकायचं ठरवलं. स्वयंपाकघरात हात मिळवून सौदा झाला, सगळी जमीन, अमुक भाव. तीन दिवसांनी वकिलासमोर बसल्यावर नेल्स म्हणाला, "वरचं तुझं, खालचं माझं." गुनार क्वामेचं तोंड उतरलं. मिळवलेल्या हातावरून फिरणं म्हणजे आमच्यात थुंकून चाटण्यासारखं. त्याने सही केली, पण पुन्हा हौगलँडांच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. तेव्हापासून चर्चमध्ये क्वामे डाव्या बाकांवर आणि हौगलँड उजव्या.

नेल्सला तेलाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला वाटलं, खालचं आपलं राहिलं की तिथे दुसऱ्या कुणाला खणता येणार नाही, पोर सुखाने झोपेल. कायदा नेमका उलटा आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याने वकिलाला पोराचं सांगितलं नाही आणि वकिलाने विचारलं नाही. नॉर्डालमध्ये कुणी कुणाला काही विचारत नाही. आम्ही त्याला सभ्यपणा म्हणतो.

पुढे नेल्स गेला, इंगा गेली, आल्विनाचा नवरा आर्विड गेला. खालचं आल्विनाच्या नावावर आलं. गुनारही गेला आणि वरचं त्याच्या मुलाकडे, डेलकडे आलं. वैर दोघांच्याही वाट्याला आपसूक आलं.

मग दोन हजार सातच्या उन्हाळ्यात लीजवाले आले, तेल कंपन्यांसाठी खालचा हक्क भाडेपट्ट्याने घेणारे दलाल.

टोळधाड बरी म्हणायची. टोळ निदान माझ्या दप्तरांवर सँडविच ठेवून खात नाहीत. सकाळी आठला कचेरी उघडायच्या आत दारात वीस-वीस जण उभे. ओक्लाहोमाचे, टेक्ससचे, सगळ्यांचे बूट नवे. खालचा मालक कोण ते कपाटांतून शोधायचं आणि त्याच्या घरी जाऊन लीजवर सही घ्यायची, एवढं त्यांचं काम. प्रत्येक घरात तेच सांगायचं, "तुम्हाला दिला तसा भाव या रस्त्यावर कुणाला दिलेला नाही, तेवढं बाहेर बोलू नका." आमची माणसं खरंच बोलली नाहीत. शेजाऱ्याला काय मिळालं हे विचारणं म्हणजे त्याच्या कपाटात डोकावणं. सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. एकाच रस्त्यावर एकाला एकरी दीडशे डॉलर आणि दुसऱ्याला चारशे मिळाले, आणि दोघंही रविवारी शेजारी बसून भजनं म्हणत होते. कागदावर भाव नसायचाच. माझ्याकडे नोंदीला यायचा तो सारांश, त्यात आकडा गाळलेला.

आल्विनाकडे आला तो ट्रेंट मॅकब्राइड. गोगलगाय नि पोटात पाय. त्याने आमच्या चालीरीती बरोबर उचलल्या होत्या. कॉफी दोनदा नको म्हणायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची, खजुराच्या वडीची पाककृती विचारायची, हवेबद्दल बोलल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. कॅफेत बसून त्याने गावातली सगळी भांडणं पाठ केली होती. तो तिला म्हणाला, तुमच्या चारी बाजूंनी सह्या झाल्यात, तुम्हीच मागे राहिलात.

दुसऱ्या दिवशी आल्विना माझ्या खिडकीशी हजर. सत्तर वर्षांची, ताठ, आर्विडचं जुनं जाकीट अंगात.

"चारी बाजूंची पानं काढ," ती म्हणाली.

मी काढली. चारांतल्या एकाच बाजूची नोंद होती. तिने भिंग लावून तारीख वाचली, मान हलवली आणि मला विचारलं, "शनिवारी दुपारी मोकळी आहेस? मला कागद कळणारं माणूस हवंय. कॉफी देईन, पण वडीबिडी काही नाही."

मी गेले. खोटं कशाला बोलू, मॅकब्राइडची जिरताना बघायला गेले.

तिने टेबलावर लीजचे नऊ कागद पसरले होते आणि लाल पेन्सिलीने त्यांची चाळण केली होती. मॅकब्राइड हसून म्हणाला, "मॅडम, हा छापील नमुना आहे. सगळे ह्याच्यावरच सही करतात."

"छापलाय कुणी?"

"कंपनीने."

"मग सगळ्यांचा कसा?"

पुढचा तास तिने त्याला काट्यावरच्या ट्रकसारखं तोललं. वायू शुद्ध करायचा, वाहून न्यायचा, त्याचा खर्च माझ्या हिश्श्यातून कापायचा नाही, ते कलम काढ. लीज तीन वर्षांचं आणि मग कंपनीच्या मर्जीने आणखी दोन, ते आणखी दोन काढ. एका तेलविहिरीच्या जोरावर पूर्ण जमीन अडवून ठेवायची नाही. शेजाऱ्यांनी सह्या केल्यात म्हणतोस, कुणी? नावं सांग, लव्हॉन इथेच बसलीय. तेव्हा त्याने समोरचे कागद उगाच सारखे केले. मग तिने मागणी टाकली, एकरी हजार डॉलर आणि निघालेल्या तेलाचा चौथा हिस्सा. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. हजार आख्ख्या काउंटीत कुणाला मिळाले नव्हते.

मला मजा वाटत होती. तिचं मन कुठे आहे याचा तिने ताकास तूर लागू दिला नाही, मला तर नाहीच. आज कळतं की तिला फक्त एकच गोष्ट हवी होती आणि ती मागायची कशी, हाच प्रश्न होता. टेकाड सोडा म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, का? कारण सांगितलं असतं तर सरकारी माणसं आली असती, तंबू ठोकला असता, आयनारला ब्रशने झाडून डब्यात भरलं असतं आणि मोठ्या आदराने दुसरीकडे नेऊन ठेवलं असतं. आणि कारण सांगितलं नसतं तर त्या कोल्ह्याने ओळखलं असतं की म्हातारीचं काहीतरी त्या कोपऱ्यात अडकलंय, आणि त्याची किंमत लावली असती. म्हणून तिने त्याला आधीच ठाऊक असलेलं कारण पुढे केलं.

"आणखी एक," ती म्हणाली. "विहीर बसली की त्या क्वामेला पैसे मिळतात म्हणे."

"वरच्या मालकाला भरपाई द्यावीच लागते, मॅडम. पॅडसाठी, म्हणजे यंत्रं उभी करायला, पाच एकर जमीन सपाट होते, रस्ता होतो."

"त्याला एक छदाम मिळता कामा नये. त्या एकशे साठ एकरांवर विहीर नको, रस्ता नको, पाइप नको, तुमच्या माणसाच्या बुटाची टाचही नको. शेजारून आडवं खणत या नाहीतर चंद्रावरून या. लिहा तसं."

मॅकब्राइड खुर्चीत मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, कॅफेत ऐकलेलं सगळं खरं निघाल्याचं. "एवढा राग, मॅडम?"

"तू जन्मायच्या आधीचा आहे. लिहितोस का जाऊ?"

घर तिचं, आणि जाऊ म्हणत होती. तो म्हणाला, असं कलम कंपनीला महाग पडतं, मग बाकीचं खाली आणावं लागेल. आणलंच त्याने. हजाराचे दोनशे झाले, चौथ्या हिश्श्याचा सहावा झाला, खर्च कापायचं कलम परत आत आलं. टाचणीसाठी घासाघीस करणारी ही बाई दहा मिनिटं नावापुरती भांडली आणि म्हणाली, "दे इकडे." सही तिने एवढी दाबून केली की कागदावर वळ उठला. मला वाटलं, द्वेषाने.

तो गेल्यावर मी न राहवून बोलले. "आल्विनाबाई, आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, दुसरं काय हे?"

"नाक माझं आहे," ती म्हणाली आणि कप विसळायला घेतले.

मॅकब्राइडने ही गोष्ट त्याच संध्याकाळी कॅफेत सांगितली. नोव्हेंबरात चर्चच्या तळघरात आम्ही बायका लेफ्से लाटायला जमलो, दरवर्षीसारख्याच, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या चारशे तरी होतात. तिथे एकीने विचारलं, खरं का गं हे? मी म्हणाले, मी तिथेच बसले होते, या कानांनी ऐकलं. मला जीभ आवरली नाही, ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही. त्या दिवशी आल्विनाच्या पोळपाटाशेजारी कुणी उभं राहिलं नाही. तिच्या पोळ्या तव्यावर न्यायलाही कुणी येईना. तिने स्वतः लाटल्या, स्वतः भाजल्या, साठ पोळ्या टेबलावर रचून ठेवल्या आणि आपला वाटा न घेता निघून गेली. कुणी तिला थांबवलं नाही. सभ्य माणसं ना आम्ही.

पुढच्या वसंतात कंपनीने विहिरीचं पॅड रस्त्यापलीकडे स्टेन्सरूडच्या शेतात केलं आणि तिथून आडवं खणत क्वामेच्या गव्हाखालून तेल काढलं. भरपाई स्टेन्सरूडला मिळाली. डेल क्वामेला मिळाली ती ट्रकांची धूळ आणि तेलाबरोबर वर येणारा, चोवीस तास जाळून टाकला जाणारा वायू, त्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर. डेलचं पेरणीयंत्र त्याच्या बापाच्या वेळचं. त्याच्या नळ्या तुंबायच्या, मधल्या ओळी रिकाम्या जायच्या, लोक हसायचे. भरपाई मिळाली की नवं घेणार, असं तो आदल्या शरदात म्हणाला होता. त्याच्यासारखा माणूस पुढचा बेत बोलून दाखवतो तेव्हा ते पक्कं असतं.

जूनमध्ये एके सकाळी आल्विना माझ्या खिडकीशी होती, कंपनीने पाठवलेला हिश्श्याचा अपूर्णांक जुन्या खरेदीखताशी ताडून बघत. दार उघडलं आणि डेल आत आला. पासष्टीचा, आडदांड, पण आवाज कधी न चढवणारा. आत येताना टोपी काढणारा माणूस. त्या दिवशी त्याने टोपी काढली नाही.

"तुझी गाडी बघितली बाहेर," तो म्हणाला.

आल्विनाने भिंग खाली ठेवलं नाही. "मग?"

"माझी बायको दोन महिने झोपलेली नाही. पडदे लावले, घोंगड्या लावल्या, तरी खोलीत उजेड. धुळीने गुरं खोकतात. आणि पैसे स्टेन्सरूडच्या खिशात."

"धूळ स्टेन्सरूडची आहे. त्याच्याकडे जा."

"कलम तुझं आहे. का केलंस ते सांग. माझ्या बापाचा राग होता, तो बापाबरोबर पुरायचा. माझ्या पोटावर पाय कशाला?"

तिने भिंग पुन्हा खरेदीखतावर धरलं. कारण सांगितलं असतं तर आख्ख्या गावाला कळलं असतं, आणि ती गप्प राहिली तर हा समोर उभा.

डेलने जाकिटाच्या खिशातून चौपदरी घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या खिडकीच्या फळीवर उघडला. कंपनीच्या मोजणीवाल्याचा नकाशा होता. ईशान्य कोपऱ्यात टेकाडावर एक फुली होती, ती खोडलेली. नैऋत्य कोपऱ्यात दुसरी फुली, आणि शेजारी सही.

"सप्टेंबरात ते टेकाडावर खुंट्या ठोकत होते," तो म्हणाला. "मी उपटल्या. म्हटलं, हे सोडून कुठेही बसा. खालचा कोपरा घ्या, पैसे कमी द्या, पण इथे नाही. त्याने लिहून दिलं. तारीख वाच. भिंग आहे ना तुझ्याकडे?"

तिने वाचली. तिच्या सहीच्या सहा आठवडे आधीची होती.

"टेकाड का सोडायचं होतं तुला?" तिने विचारलं. मी इतकी वर्षं तिचा आवाज ऐकत आले होते. हा मी पहिल्यांदाच ऐकला.

"का म्हणजे? तुझा भाऊ आहे तिथे."

कचेरीत आणखी दोन लीजवाले दप्तरं चाळत होते. मी त्यांना हाताने बाहेर घालवलं. ते गेलेही.

"तुला कुणी सांगितलं?" आल्विना म्हणाली.

"तो कोळसा कुणाचा होता असं वाटतं तुला?" डेल म्हणाला. "त्या हिवाळ्यात तुझ्या बापाकडे चुलीपुरताही कोळसा नव्हता. माझ्या बापाने स्लेजवर घालून नेला. दोन दिवस तिथे उभा राहिला, पायाची दोन बोटं गेली त्याची. खड्डा दोघांनी मिळून खणला. आणि त्याच माणसासमोर, वकिलाच्या टेबलावर, तुझा बाप म्हणतो, खालचं माझं. म्हणजे माझा बाप काय ते पोर उकरून काढणार होता?"

आल्विनाने फळीची कड धरली.

"माझा बाप मरेपर्यंत तेच बोलत होता," तो म्हणाला. "तेलाचं कुणाला ठाऊक होतं तेव्हा? म्हणायचा, नेल्सने माझ्यावर भरवसा ठेवला नाही, एवढंच. पन्नास वर्षं आम्ही त्या राशीभोवती नांगर वळवतोय. मला एकदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"तू एकदा सांगितलं असतंस तर विचारावं लागलं नसतं."

"मी कशाला सांगू? घात तुमच्या घराने केला."

"मग मी तरी कशाला विचारू?"

माफी कुणीच मागितली नाही. कुणीतरी मागेल असं मला क्षणभर वाटलं, म्हणून सांगितलं. डेलने नकाशाची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघून गेला. दार त्याने आपटलंही नाही.

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही. मी म्हणाले, आल्विनाबाई, हे गावाला कळू द्या, लेफ्सेच्या दिवशी जे झालं ते मला निस्तरू द्या.

"खबरदार," ती म्हणाली. "कळलं की सगळ्या जणी फुलं घेऊन टेकाडावर जातील. क्वामेचा गहू तुडवतील."

दुसऱ्या दिवशी ती सत्तर मैल गाडी हाकत कंपनीच्या कचेरीत गेली. टेकाड सोडून बाकीच्या जमिनीवरचं कलम काढा, पॅड क्वामेच्या कोपऱ्यात हलवा, माझा हिस्सा हवा तर आणखी कमी करा. त्यांनी तिला पाणी दिलं आणि सांगितलं, आजी, विहीर खणून झालीय. मॅकब्राइड कुठे म्हणाली तर तो दुसऱ्या राज्यात गेला होता. हे मला तिने नाही सांगितलं. कंपनीतली टायपिस्ट माझी भाची लागते.

ऑगस्टमध्ये डेल एक खत घेऊन नोंदणीला आला. एक एकर, टेकाडाचं, वरचं, आल्विना रोस्टाडच्या नावे. मी वाचून वर बघितलं.

"जायचा रस्ता लिहिलेला नाही यात," मी म्हणाले.

"नाही दिलेला. जायचं तर माझ्या शेतातून जावं लागेल, आणि शेतातून जायचं तर मला विचारावं लागेल. तिला एकदा तोंडाने विचारू दे."

मी आल्विनाला बोलावून घेतलं. तिने खत दोनदा वाचलं. पन्नास वर्षांनी टेकाडाचं वरचं आणि खालचं एका नावावर आलं होतं. तिने विचारलं, नोंदणीची फी कुणी भरली? मी म्हणाले, त्याने. तिने पर्समधून तेवढे पैसे मोजून माझ्यासमोर ठेवले, त्याचे त्याला परत दे म्हणाली. डेलने घेतले नाहीत. तिनेही परत नेले नाहीत. ते पाकीट माझ्या खणात पडून राहिलं.

तिने त्याला विचारलं नाही. पूर्ण हिवाळा ती रविवारी चर्चहून येताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायची, काच खाली करायची, टेकाडाकडे बघायची आणि निघून जायची. माझ्या हाताखालच्या पोरी म्हणायच्या, म्हातारी क्वामेचं शेत बघून जळतेय. मी मूग गिळून बसले. तिने शब्द घेतला होता.

मे महिन्यात गहू उगवला. मी त्या रस्त्याने जात होते तर शेतात रस्त्यापासून टेकाडापर्यंत एक उघडी पट्टी दिसली, चार फूट रुंद, दोरी लावल्यासारखी सरळ, तिच्यात गव्हाचं एक पातं नाही. पेरणी तिच्या काटकोनात होती. बंद नळीने अशी पट्टी पडत नाही हे आमच्याकडच्या पोरालाही कळतं. पट्टीच्या टोकाला आल्विनाची गाडी उभी होती आणि ती आर्विडचं जाकीट घालून मधोमध चालत होती, दोन्ही बाजूंच्या गव्हाला धक्का न लावता.

परत आली तेव्हा मी तिथेच उभी होते. तिने मला बघितलं, मागे वळून पट्टीकडे बघितलं.

"नळी तुंबली असणार त्याची," ती म्हणाली. "पेरणीत बाप बरा होता."

तिने त्याचे आभार मानले नाहीत, त्याने त्यांची अपेक्षाही केली नाही, आणि चर्चमध्ये ती दोघं आपापल्या बाजूला बसत राहिली. गेल्या मार्चमध्ये ती गेली. अंत्यविधीला डेल क्वामे आला, डाव्या बाकावर बसला आणि कॉफीला न थांबता निघून गेला. आता माझ्यावर शब्दाचं ओझं नाही, म्हणून हे सांगतेय. ज्या बायकांनी त्या दिवशी तिच्या पोळ्या तव्यावर नेल्या नाहीत त्यांनी ऐकावं, आणि त्यांच्यात मी पहिली.

डेलने अखेर नवं पेरणीयंत्र घेतलं, दोन वर्षं झाली. यंदाच्या मे महिन्यातही मी मुद्दाम त्या रस्त्याने जाऊन बघितलं. नळी अजून तुंबलेलीच आहे.